जिनातला आखाडा कोणी बंद पाडला

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आईजवळ नाही, आपल्या मंडळात नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्याच्याजवळ तर मुळीच नाही. सभेत उभा राहिलो की माझी जीभ थांबत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे — या एका गोष्टीपाशी आलो की तीच जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहितो आहे. बोलून व्हायचं नाही.

निमित्त साधं झालं. मंडळात नवा आलेला एक जण, आमच्या उंद्रीचाच, परवा म्हणाला, "भाऊ, मले बॉक्सिंग शिकाची हाये. चांगली जागा कोनती? तुमाले त सारं मालूम राह्यते." मी म्हणालो, सांगतो. आणि उठून गेलो. काय सांगणार होतो? चिखलीत तशी एकच जागा होती. ती आता नाही. ती का नाही, यावर मी एक पत्रक काढलं होतं — 'जिनातला आखाडा कोणी बंद पाडला?' तुमच्यापैकी पुष्कळांनी ते वाचलं असेल. काहींनी तर ते सभेत मोठ्यानं वाचून दाखवलं आहे, मी समोर बसलेलो असताना. त्या पत्रकानं मला नाव दिलं. आज तुम्ही मला ओळखता ते त्याच्यामुळे.

थांबा. पहिल्यापासून सांगतो.

उंद्रीहून चिखलीला शिकायला आलो तेव्हा अंगात रग होती आणि काखेत पत्रकं. बाजारातल्या एका हाटेलात आम्हा बौद्धवाड्यातल्या माणसांसाठी कपबश्या वेगळ्या, बाहेरच्या कोनाड्यात पालथ्या घातलेल्या. ज्यानं चहा प्यायला त्यानंच विसळून ठेवायच्या. राज्य नवं, कायदे नवे, आणि कोनाडा तोच — असं मी लिहिलं, छापलं, आणि त्याच हाटेलासमोर वाटायला उभा राहिलो. आतून व्यायामशाळेतला एक पहिलवान आला. माझ्या कानाखाली वाजवली, आणि आत जाऊन पुन्हा भजी खाऊ लागला. लोक हसले. मी वाकून पत्रकं गोळा करत राहिलो. हात उचलला नाही — उचलता येत नव्हता, की उचलायची छाती नव्हती? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. ठरवलं एवढंच, की मारायला शिकायचं.

पण शिकायचं कुठं? उंद्रीच्या आखाड्यात गेलो, तर म्हातारे वस्ताद म्हणाले की इथं पाडायला शिकवतो, मारायला नाही. मारायचं असेल तर पोलिसात जा. चिखलीच्या व्यायामशाळेत मलखांब होता, लाठी होती, चुन्यानं आखलेलं मैदान होतं. कुणालाही येता येतं का, असं विचारलं. हो, सर्वांना खुली आहे, म्हणाले — फक्त कुणाच्या तरी ओळखीचा पाहिजे. बौद्धवाड्यातल्या कुणाचीच ओळख आजवर निघाली नव्हती. शिवाय माझ्या कानाखाली वाजवणारा तिथंच जोर मारत होता. मी परत फिरलो.

मग गजानं नेलं. गजा माळी, माझ्या गावचा, माझ्या वयाचा. बापाच्या मळ्यातली भाजी सायकलवर लादून चिखलीच्या बाजाराला आणायचा आणि परत जाताना कुठं तरी तासभर गायब व्हायचा. ती थापड त्यानं पाहिली होती. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "चाल बे. तोंड त तुहं चालूच राह्यते, आता हात चालवाले शिक."

मेहकर रस्त्याला कापसाचं एक बंद पडलेलं जिन होतं. मालक शेटजींनी राखणीला एक निवृत्त हवालदार ठेवला होता, देऊळगाव राजाकडचा, बौद्ध. पलटणीत असताना तो बॉक्सिंग खेळलेला. जिथं कधी कापसातून सरकी काढली जायची त्या शेडमध्ये त्यानं आढ्याला सरकीनं भरलेलं पोतं टांगलं होतं, आणि गावच्या पोरांना फुकट शिकवत होता. माळी, मराठे, मोमीन, बौद्ध — सगळे त्याच पोत्यावर. पहिल्या दिवशी त्यानं मला नाव विचारलं नाही, कुणाचा हेही विचारलं नाही. म्हणाला, "पहिले खानं शिक. देनं मंग." आणि छातीत असा एक ठोसा दिला की मी सरकीच्या ढिगावर बसलो.

खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहितो — ग्लोव्ह दुसऱ्याच्या घामानं ओला असायचा, आणि पहिल्या दिवशी हात घालण्याआधी मी तो आतून पुसला. कपबश्यांवर पत्रक लिहिणारा मी. गजानं पाहिलं.

ग्लोव्हची जोडी एकच होती. म्हणून हवालदारानं एक रीत पाडली होती. लढणाऱ्या दोघांत एकाला उजवा ग्लोव्ह, दुसऱ्याला डावा. उघडा राहिलेला हात दुपट्ट्यानं पाठीमागे बांधायचा — आणि तो स्वतः बांधायचा नाही, हवालदारही बांधायचा नाही. ज्याच्याशी लढायचं त्यानंच बांधायचा; ज्याचा हात आधी बांधला गेला त्यानं उरलेल्या हातानं आणि दातांनी, ग्लोव्ह घालण्याआधी. 'ज्याले माराचं हाये, त्याच्या हाती आपला हात देता आला पाहिजे,' असं तो म्हणे. मग तो प्रत्येकाला विचारायचा, "गाठ?" ज्याचा हात बांधला आहे त्यानं उत्तर द्यायचं — "पक्की." ढिली वाटली तर ढिली म्हणायचं, पुन्हा बांधून घ्यायची. त्यात लाज नव्हती. तिथं कधी कुणी खोटं पक्की म्हटलं नाही.

मी म्हणेपर्यंत.

नागपंचमीला गावोगाव कुस्त्या होतात. हवालदाराच्या मनात आलं, आपल्या पोरांचं बॉक्सिंगही गावानं बघावं. भीती जाईल, म्हणाला. जिनाच्या आवारात दोर लावले. लोक आले, शेटजींचा मुनीम आला, व्यायामशाळेचे चिटणीस आले — आणि तो पहिलवानही आला, पुढे उकिडवा बसला. जोडी ठरली माझी आणि गजाची. त्या दिवशी गजाचं महत्त्व माझ्यापेक्षा जास्त होतं. चीनच्या लढाईनंतर भरती जोरात होती, दिवाळी झाली की हवालदार त्याला स्वतः भरतीला नेणार होता. पलटणीत बॉक्सरला मान असतो, पोरगा मळ्यातून बाहेर पडेल, असं तो गजाच्या बापाला सांगून आला होता.

आत शेडमध्ये आम्ही एकमेकांचे हात बांधले. मला डावा ग्लोव्ह आला होता, म्हणजे बांधायचा हात उजवा. पोत्यावर मारून मारून त्याचं मनगट सुजलेलं. गजानं दुपट्टा गुंडाळला आणि गाठ अलगद मारली. "सुजलं हाये न तुहं," म्हणाला, "दुखलं त सांगजो." गाठ ढिली होती. मला कळलं होतं. बोटं हलवली की दुपट्टा सरकत होता. हवालदारानं बाहेर, सगळ्यांसमोर विचारलं, "गाठ?"

मी म्हणालो, "पक्की."

का म्हणालो? दुखत होतं म्हणून? असेल. पण तेव्हाच, त्याच क्षणी, मनात कुठं तरी होतं — की गरज पडली तर हा हात काढता येईल. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि लिहिताना खात्री होते आहे की ते होतंच.

गजा माझ्याहून चांगला होता. त्यानं मला खेळवलं, एकदा पाडलं, हात देऊन उठवलं, पुन्हा पाडलं. लोक हसू लागले. पहिलवान म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "याले पत्रकं वाटू द्या रे, पत्रकं." ते हसू मला बाजारातलंच वाटलं. गजाही हसला — मला हसला नाही, नेहमीसारखा हसला, ग्लोव्ह खाली करून. आणि माझा उजवा हात बाहेर आला, उघडा, पूर्ण जोरानं, त्याच्या डाव्या डोळ्यावर.

गजा खाली बसला आणि डोळ्यावर तळवा दाबून म्हणाला, "काय झालं बे?"

बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. डोळा राहिला, नजर गेली. भरती गेली. हे सगळं पुढच्या आठवड्यांत कळत गेलं, थोडं थोडं.

दुसऱ्या दिवशी मुनीम आणि व्यायामशाळेचे चिटणीस जिनावर आले. मला बोलावलं. हवालदार भिंतीला टेकून उभा होता. विचारलं, हात कसा सुटला? मी म्हणालो, गाठ निघाली. गाठ कुणी बांधली होती?

बघा — इथं मी खरं बोलू शकत होतो. गजानं बांधली, ढिली होती, मला माहीत होतं, आणि मी ओढून काढला. पण गजाचं नाव घेतलं तर पुढचा प्रश्न मलाच आला असता. कुस्तीतली माणसं होती ती, त्यांना हात निघणं आणि हात काढणं यातला फरक कळला असता. मी हवालदाराकडे न बघता म्हणालो, "हवालदारांनी."

बाहेरच्यांना आमची रीत ठाऊक नव्हती. आतल्या पोरांना वाटलं, आज लोकांसमोर आहे म्हणून त्यानं स्वतः बांधली असेल. मुनीमानं त्याला विचारलं, हे खरं का? तो माझ्याकडे बघत होता, असं मला मानेवर जाणवत होतं. मग म्हणाला, "जागा माही, गाठ माही. आजून काय पाह्यजे?"

आठवडा बाजाराच्या आत त्याला जिन सोडायला सांगितलं. निष्काळजी, पोरांचे जीव धोक्यात घालतो, म्हणाले. ते निमित्तच शोधत होते, यात शंका नाही. बौद्धानं मराठ्या-माळ्यांच्या पोरांना अंगाला हात लावून शिकवावं, हे त्यांना आधीपासून सलत होतं. मी पत्रकात तेच लिहिलं, आणि त्यातला शब्दही खोटा नव्हता. कोणी बंद पाडला — जातीच्या माजानं, व्यायामशाळेच्या मिरासदारांनी, शेटजींच्या भेकडपणानं. सगळं खरं. पण निमित्त त्यांच्या हातात कुणी दिलं, ते त्या पत्रकात नव्हतं. माझा राग खरा होता का? होता. म्हणूनच तर तो इतका चांगला लिहिला गेला.

हवालदार गेला त्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर गेलो. देऊळगाव राजाची गाडी लागायची होती. लोखंडी ट्रंक, वर ग्लोव्हची जोडी बांधलेली. पोत्यातली सरकी त्यानं शेजारच्या म्हशीला घातली होती, एवढं त्यानं सांगितलं. मग खिशातून माझं पत्रक काढून, चाळून, पुन्हा त्याची घडी केली.

"सवाल बराबर हाये," म्हणाला. "जवाब गलत हाये."

आणि गाडीत चढला. त्यानं पाहिलं होतं का? पाहिलंच असेल. तो बॉक्सर होता, हात बघण्यातच त्याचा जन्म गेला. मग तिथं बोलला का नाही? मला ठाऊक नाही. विचारायला मी कधी देऊळगाव राजाला गेलो नाही. सभेसाठी गेलो, दोनदा-तीनदा — त्याच्या घराच्या बाजूला फिरकलो नाही.

इथवर तुम्हाला वाटेल, झालं, आलं बाहेर. नाही. सगळ्यात वाईट ते अजून राहिलं आहे.

गजा दवाखान्यातून परत आला तेव्हा मळ्यावर भेटलो. डोळ्यावर पट्टी. पहिलंच वाक्य, "गाठ त म्या बांधली होती. हवालदारावर काऊन आलं?" तो चिखलीला जाऊन सांगणार होता. सायकल काढून ठेवली होती. एक डोळा गेलेला माणूस, आपल्याच गाठीमुळे गेला असं समजून, दुसऱ्याची अब्रू वाचवायला निघाला होता. मी त्याचं हँडल धरलं. म्हणालो, "त्यानं तुह्यासाठीच अंगावर घेतलं, गजा. आता तू बोलला त त्याचं केलेलं पान्यात जाईन." सुचलं कसं? पत्रकाचं वाक्य सुचतं तसंच सुचलं. वजनदार, लगेच पटणारं. गजा मळ्याच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, बसला आणि रडला, एकाच डोळ्यानं. सायकल त्यानं परत गोठ्यात लावली.

आजही तो चिखलीच्या बाजारात बसतो. मेथीच्या जुड्या अंबाडीच्या सालीनं बांधतो. दोन गाठी मारतो, ओढून बघतो, मग टोपलीत ठेवतो. बायका म्हणतात, किती आवळतो रे, पाला चुरते. मी गेलो की पैसे घेत नाही. गेल्या बाजारी एक जुडी माझ्यापुढे धरून म्हणाला, "पाह्य, आता माही गाठ निंघत नाई." आणि हसला, नेहमीसारखा.

मी जुडी घेतली.

गजा, तुझी गाठ निघाली नव्हती. मी हात ओढून काढला.