पुसलेलं गोंदण

सुप्रियाच्या कॉम्प्युटरमध्ये मेलेल्या माणसांसाठी तीन कोट होते. काळा, तपकिरी आणि निळा. सिल्वासाच्या आमली भागातल्या तिच्या स्टुडिओत कुणी वडिलांचा घडी पडून चिरलेला एकुलता एक फोटो घेऊन आला की ती आधी विचारायची, "कोट कुठला घालू?" जन्मभर बनियनवर वावरलेला माणूस मग टायसकट निळ्या कोटात, हार घालून घ्यायच्या तयारीत फ्रेममधून बाहेर बघायचा. आई दुसऱ्या एखाद्या फोटोत असली तर तिला उचलून शेजारी आणायची. अशा जॉइंट फोटोंत सुप्रियाचा हात धरणारं सिल्वासात कुणी नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती मूळची चोपड्याची. नवरा शशिकांत जवळच्या सायली गावात धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागला, म्हणून इकडं आली. टोकरखाड्यात घर, आमलीत दुकान. लग्नं, वाढदिवस, कामगारांच्या आयकार्डांचे फोटो, असं तिचं छान चाललं होतं. पण कोट चढवलेल्या माणसांकडं बघताना तिला मधूनच वाटायचं, की हा चेहरा आता घरच्यांच्याही ओळखीचा उरला नसेल.

एकदा लग्नाच्या ऑर्डरसाठी ती दमणला गेली होती. तिथं शेजारचं जुनं घर रिकामं होत होतं. ओट्यावर ठेवलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या काचेच्या निगेटिव्ह निघाल्या. पोर्तुगीज अमलात त्या घरातले कुणी आजोबा कॅमेरा घेऊन नगर हवेलीत हिंडायचे म्हणे. डबा भंगारात जाणार होता. सुप्रियानं तो मागून घेतला आणि घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.

"आता यांनाही कोट शिवणार का?" शशिकांतनं विचारलं.

"यांना नाही. यांना मी आत्ताच्या गावात सोडणार आहे."

आणि तिनं ते केलं. जुना फोटो नेमका कुठून काढला असेल ते शोधायचं, त्याच ठिकाणी आपला डिजिटल कॅमेरा लावायचा, सावल्या त्याच बाजूला पडेपर्यंत थांबायचं. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवून थकायचे, ही हलायची नाही. मग दोन्ही फोटो एकमेकांत असे मिसळायचे की शिवण दिसता कामा नये. सिल्वासाच्या चर्चच्या भिंतीपाशी आज कामगारांच्या मोटरसायकली लागतात. सुप्रियाच्या फोटोत त्या मोटरसायकलींच्या मधे बांबूच्या टोपल्या मांडून आदिवासी बाया बसल्या होत्या. सगळ्या कॅमेऱ्याकडं बघून हसत होत्या. एकटी एक बाई तेवढी सरळ, न हसता बघत होती.

तो फोटो तिनं दुकानात लावला. आयकार्डच्या फोटोसाठी आलेली कारखान्यातली तरुण पोरगी, सोनी, तो बघून खुर्चीतून उठलीच.

"बेन, ही चर्चची भिंत ना? माझ्या आजीची आय तिथं टोपल्या विकायला बसायची. एका साहेबानं काळ्या कपड्यात डोकं घालून फोटो काढला नि सगळा बाजार हसला, असं आजी सांगते."

"आजींकडं त्यांच्या आईचा फोटो आहे?"

"कुठला बेन? आमचं गाव तर धरणाच्या पाण्यात गेलं. आजी लहान असतानाच तिची आय वारली. आजी म्हणते, गावातलं झाडन्झाड आठवतं, पण आयचं तोंडच आठवत नाय. मरायच्या आधी एकदा दिसलं पाहिजे, असं सारखं बोलते."

"त्यांना घेऊन ये," सुप्रिया म्हणाली. सोनीची हनुवटी आणि त्या न हसणाऱ्या बाईची हनुवटी एकच होती. तिला शंकाच उरली नव्हती.

तिनं त्या बाईचा चेहरा मोठा करायला घेतला. काच म्हातारी झाली होती. धुळीचे पांढरे ठिपके होते, आणि काचेवरचा रासायनिक मसाला जिथं उडाला होता तिथं काळे. सुप्रियाच्या हाताला अशा कामाची इतकी सवय, की गप्पा मारता मारता ती एकेक ठिपका टिपत गेली. दगडावरून पाणी ओतावं तसा चेहरा लख्ख झाला. मोठा प्रिंट काढून तिनं तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवला.

सोनीच्या सुट्टीच्या दिवशी चिमाबाई आली. बारकीशी म्हातारी. चपला बाहेर काढून, पदर नीट करून बसली, आणि प्रिंट हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली.

"कोन हाय ही?"

"तुमची आई, आजी."

"नाय ग. ही कुनाची तरी शेठानी."

"आजी, नीट बघ ना!" सोनी म्हणाली.

"नीटच बघते. हिच्या तोंडावर काय हाय का? घासलेल्या ताटासारखं तोंड." चिमाबाईनं प्रिंट टेबलावर पालथा ठेवला. "ऱ्हाऊ दे. आता काय दिसायची ती मला."

सुप्रियाला हे मान्य होईना. "आजी, आईचा चेहरा आठवत नाही म्हणता. मग ही ती नाही, हे कशावरून?"

"निजताना मी तिच्या तोंडावर बोट फिरवायची. गोंदनावरनं. त्याबगर मला झोपच येत नसे." चिमाबाईनं सोनीला जवळ ओढलं, डोळे मिटले आणि तिच्या कपाळावर बोट टेकवलं. "हितं. मग हितं..."

सुप्रिया झटकन कॉम्प्युटरकडं वळली. तिनं हात न लावलेला मूळ फोटो उघडला. तिनं धूळ म्हणून, उडालेला मसाला म्हणून जे जे टिपलं होतं ते सगळं तिथं होतं. त्यातल्या काळ्या ठिपक्यांत गोंदण होतंच. पण आता कुठला ठिपका बाईचा आणि कुठला काचेचा, हे कसं ठरवणार? मनात येईल तिथं ठिपके ठेवून म्हातारीला खूश करणं सोपं होतं. पण तो आणखी एक कोटच झाला असता. काचेवर नाही ते आपण घालायचं नाही, असं तिनं तिथल्या तिथं ठरवलं.

"आजी, डोळे उघडू नका. परत पहिल्यापासून, हळूहळू फिरवा."

चिमाबाईचं बोट सोनीच्या भुवयांच्या मधे थांबलं. सुप्रियानं पडद्यावर बघितलं. ठिपका होता. बोट डाव्या डोळ्याच्या कडेला गेलं. होता. गालावर एकाखाली एक, तेही होते. बोट जिथं गेलं नाही तिथले ठिपके सुप्रिया पुसत गेली. मग बोट हनुवटीवर आलं.

"इथं काही नाही, आजी," सुप्रिया म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला.

"हाय."

"काचेवर नाही."

"तुझ्या काचेला काय म्हाईत? हाय म्हणते ना!"

सोनी गुदगुल्या होत असूनही दगडासारखी बसली होती. सुप्रियानं हनुवटी मोठी केली, आणखी मोठी केली. पदराची सावली तिथं पडली होती. ती सावली तिनं थोडी थोडी उजळत नेली, आणि आतून, पाण्याखालून वर यावा तसा, ठिपका आला.

"उघडा डोळे," ती म्हणाली.

चिमाबाईनं पडद्याकडं बघितलं. उठून पुढं आली आणि कपाळापासून बोट फिरवत निघाली. या वेळी डोळे उघडे होते. बोट हनुवटीवर पोचलं तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला.

"केवढीशी होती ग माझी आय," पदराआडूनच ती म्हणाली. "आमच्या सोनीएवढी."

मग चिमाबाईनं डोळे पुसले आणि हुकूम सोडला, "मला हिच्याजवळ बसव."

"जॉइंट फोटो! आजी, कोट घालायचा का? बेनकडं निळा हाय," सोनी म्हणाली.

"तू घाल नि नाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी चर्चच्या भिंतीपाशी गेल्या. सोनीनं दोन मोटरसायकली ढकलून बाजूला केल्या. सुप्रियानं कॅमेरा लावला, जुना फोटो मोबाईलवर धरून सावल्या जुळवल्या आणि म्हणाली, "आजी, जरा डावीकडं सरका."

"सरकू कशी? हितं आय बसलीय."

सुप्रियानं मोबाईलमध्ये बघितलं. म्हातारीचं खरं होतं. तिनं कॅमेराच हलवला.

तो फोटो आता स्टुडिओत दारासमोर आहे. भिंतीपाशी दोघी बसल्यात, एक तरणी, एक म्हातारी. गोंदणाचा एक ठिपका कमी नाही, सुरकुती एक कमी नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, "आजी-नात छान आल्यात."

"मायलेकी आहेत," सुप्रिया सांगते. "आई ती तरणी."

परवा एका लग्नाचा अल्बम करताना नवरीच्या ओठावरच्या ठिपक्यापाशी तिचा हात थांबला. तिनं सरळ फोन लावला. "ताई, स्टुडिओतून बोलतेय. ओठावर तुमचा तीळ आहे का हो?"

"आहे ना. का?"

"काही नाही," सुप्रिया म्हणाली, आणि पुढच्या फोटोकडं वळली.