शिक्के खरे, बेडूक खोटा

अकरावीला मी जीवशास्त्र घेतलं नाही, कारण मी इंजिनियर व्हायचं हे बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला डॉक्टर व्हायचंय हे मला बारावीची परीक्षा झाल्यावर कळलं. मग दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, भारतातल्या एका दूरशिक्षण संस्थेतून मी वर्षभर जीवशास्त्र शिकले. प्रात्यक्षिकं व्हिडिओवर. जांभळे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी बेडूक इतक्या निगुतीने उघडला, की आईने त्या टेबलावर भाजी चिरणं बंद केलं.

मार्क चांगले पडले. आता इथल्याच एका मेडिकल कॉलेजात अर्ज करायचा होता. आखातातल्या मराठी माणसाचा देवाखालोखाल कशावर विश्वास असेल, तर तो अटेस्टेशनवर, म्हणजे कागदावरच्या सरकारी शिक्क्यांवर. बाबांनी नाशिकच्या काकाला माझं प्रमाणपत्र घेऊन आधी मुंबईला, मग दिल्लीला पिटाळलं. शेवटचा शिक्का दोह्यात बसला तेव्हा त्या कागदावर माझे मार्क शोधावे लागत होते.

"आता कुणाची टाप आहे नाही म्हणायची," बाबा म्हणाले.

टाप होती. प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट करून बघितला आणि त्या गोड हसल्या. "शिक्के अगदी खरे आहेत, सर. पण असं घरबसल्या केलेलं सायन्स आम्ही धरत नाही. इमारत आणि लॅब असलेल्या कॉलेजातून हा विषय करून या. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी तेव्हा शहरभर खोदकाम चाललं होतं, आणि बाबा एका स्टेडियमच्या कामावर इंजिनियर होते. "आम्ही काँक्रीटचा ठोकळा दाबून बघतो, मग पास-नापास ठरवतो," ते म्हणाले. "तुम्हीही हिला चार प्रश्न विचारून बघा की." बाईंनी पुढचा नंबर पुकारला. त्याच शहरात कंटेनर रचून अख्खं स्टेडियम उभं राहत होतं, आणि ते साऱ्या जगाला चालणार होतं. माझा बेडूक तेवढा चालत नव्हता. गाडीत मी रडले. बाईंचा राग आला, बाबांचा आला आणि त्या शिक्क्यांचा सगळ्यात जास्त आला.

मग इमारत असलेल्या कॉलेजात नाव घातलं. इमारत देखणी होती, दारात कारंजंसुद्धा होतं. तीन आठवडे गेले आणि करोना आला. खलास. सगळं कॉलेज आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं, लॅबसकट. पहिल्या प्रात्यक्षिकाची लिंक उघडली, तर जांभळे हातमोजे. तोच व्हिडिओ, त्याच बाई, तोच बेडूक. आईने स्वयंपाकघरातून येऊन पाहिलं.

"अगं, याला अजून कापतायत?" ती म्हणाली.

पुढच्या वर्षी मुलाखत स्क्रीनवर झाली. खिडकीतल्या त्याच बाई आता स्वतःच्या घरी बसून बोलत होत्या, मागे त्यांचा फ्रीज दिसत होता. नवं प्रमाणपत्र बघून त्यांचा चेहरा खुलला. "छान. या वेळी लॅब रीतसर केलेली दिसते."

बाबा कॅमेऱ्याबाहेर, माझ्याशेजारी बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, तसा मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"हो, मॅडम," मी म्हणाले. मला प्रवेश मिळाला. बेडकाला मी तोवर बोटही लावलं नव्हतं.