घोड्याला विचारलं कुणी?

समस्त वऱ्हाडी मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, निलंग्याचे कंपाउंडर मल्लप्पाअण्णा वरातीत नवरदेवाला नव्हे, घोड्याला नमस्कार करीत. तोही चांगला वाकून. मागे बँड खोळंबे, नवरदेव कावराबावरा होई आणि माझ्यासारख्या उपद्व्यापी माणसाला आनंदाच्या उकळ्या फुटत.

अण्णांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली. सोयाबीन काढणीला लागलं की साप चावलेली माणसं येऊ लागत. सापाच्या लशीची पूड विरघळवताना अण्णा बाटली दोन्ही तळहातांत हळूहळू फिरवत. दुरून वाटे, हात जोडलेत.

"हे कशापासून करतेत, ठावं हाय का?" एकदा त्यांनी मला विचारलं. "घोड्याला सापाचं इख टोचतेत. मरू न्हाई एवढंच, थोडं थोडं. मग त्याचं रगत काढतेत. पुन्हा टोचतेत."

"पण माणसं जगतात की, अण्णा."

"जगतेत. म्या टोचू नका म्हणलो का? पर घोड्याला विचारलं कुणी?" मग डोळे मिटून म्हणाले, "लई वर्सं झाली. उत्तर घावंना. आता थकलो बाबा."

त्याच सुगीत माझ्या पुतण्याला, संतोषला, घोणस चावली. दहा बाटल्या लागल्या. अण्णा एकेक फिरवत होते आणि मी नुसता त्यांच्या हातांकडे बघत होतो. घोड्याचा विचार मला शिवलाही नाही. शिवला असता, तरी मी अकरावी बाटली मागितली असती.

पुढे संतोषचं लग्न लातूरला ठरलं. अण्णा गुडघे धरत घरी आले.

"लेकरा, एक मागू का? वरातीत घोड्यावर बसू नको. तुला त्यानंच उठवलंय."

संतोषनं लगेच मान डोलावली. त्याचे सासरे मात्र फुगले. घोडा आधीच सांगून ठेवलेला. शेवटी तोड मीच काढली: घोडा रिकामा चालेल, नवरदेव त्याच्या शेजारून पायी.

भर उन्हात वरात निघाली. अण्णा आडवे आले, वाकले. त्यांचा तो शेवटचा नमस्कार; दिवाळीआधीच ते गेले. त्या दिवशी शेजारी संतोषही वाकला. बँड थांबला. माझे डोळे भरून आले आणि दोन शब्द बोलावेत म्हणून मी घसा खाकरला. तेवढ्यात लगाम धरलेला घोडेवाला खेकसला,

"अवो, पाया मागून पडा! सकाळपासून तिसरी वरात हाय, आधी पाणी पाजा की कुणी त्याला!"