शेवट सांभाळणारी

देवळाली प्रवरेत चारही बाजूंनी ऊस. इथे राहून रक्तातली साखर वाढली नाही तरच नवल. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, म्हणून पन्नाशीला टेकल्यावर मी सायकल घेतली आणि गावातल्या सायकल क्लबात नाव घातलं. पण खरं कारण साखर नव्हतं. मुलं पुण्याला गेल्यापासून घरात नवरा टीव्हीशी बोलायचा आणि मी भांड्यांशी. क्लबाचे रविवारचे फोटो मोबाईलवर दिसायचे, एकाच रंगाचे टीशर्ट, एकमेकांच्या खांद्यावर हात. मला त्या फोटोत यायचं होतं.

पहिल्याच रविवारी मी मागे पडले. क्लबप्रमुखांचं खतांचं दुकान आहे, बोलणं गोड. ते मागे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही निवांत या." मी निवांत पोहोचले तेव्हा फोटो काढून, मिसळ खाऊन मंडळी हेल्मेट चढवत होती. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी तक्रार केली, तर त्यांनी सगळ्यांसमोर मला एक केशरी जाकीट दिलं, पाठीवर चकाकती पट्टी असलेलं. सोबत हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान. म्हणाले, आजपासून शेवट तुम्ही सांभाळायचा, कुणी मागे पडलं तर त्याला घेऊन यायचं, जबाबदारीचं काम आहे, ऐऱ्यागैऱ्याला देत नाही. टाळ्या वाजल्या. मी बावळट, घरी येऊन जाकीट नवऱ्याला घालून दाखवलं. शाळेत बाकीच्या शिक्षिकांनाही सांगितलं.

दोन महिने मी शेवट सांभाळला. मग थंडीतल्या एका सकाळी बेलापूरच्या रस्त्यावर माझंच चाक बसलं. सामान होतं, पण टायर उचकटायची ताकद बोटांत नव्हती. क्लबातल्या चौघांना फोन केले, एकानेही उचलला नाही. शेवटी उसाची ट्रॉली घेऊन चाललेला एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्याने टायर काढून ट्यूबला ठिगळ लावलं, हवा भरली आणि जाकिटाकडे बघून हे कशापायी म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, आमच्या क्लबाचा शेवट मी सांभाळते.

"मग तुमच्या मागं कोन हाय, ताई?"

"कुणी नाही."

"मंग सांभाळता कुनाला?"

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. हात पुसून तो निघून गेला. मी तिथेच सायकल धरून उभी राहिले. दोन महिन्यांत माझ्या मागे एकदाही कुणी नव्हतं. सगळ्यांत हळू जी, तिच्याच गळ्यात शेवट मारला की कुणाला थांबायला नको, आणि तिला तक्रारही करता येत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी मला असं गोड बोलून बनवलं नव्हतं. संतापाने मला रडू आलं. त्याच दिवशी क्लब सोडायला हवा होता. सोडला नाही.

पुढच्याच महिन्यात एक नवी बाई आली. बँकेत नोकरी, कोरी सायकल, सगळ्यांकडे बघून हसायची. कालव्याच्या पुलाच्या चढालाच तिला धाप लागली, हे मी नीट बघून ठेवलं. पुढच्या रविवारी जाकीट धुऊन, घडी घालून नेलं आणि क्लबप्रमुखांनी तोंड उघडायच्या आत तिच्या हातात ठेवलं. जबाबदारीचं काम आहे, ऐऱ्यागैऱ्याला देत नाही, असंही वर मीच म्हणाले. तिचा चेहरा फुलला. तिने ते लगेच अंगात घातलं आणि मागची पट्टी नीट दिसते का, म्हणून मलाच विचारलं.

"छान दिसते," मी म्हटलं. "तुम्ही निवांत या."

त्या दिवशी छाती फुटेस्तोवर पायडल मारले, पण पुढच्यांना सोडलं नाही. त्या रविवारच्या फोटोत मी आहे, डावीकडून तिसरी, खांद्यावर कुणाचा तरी हात. ती पोहोचली तेव्हा मी हेल्मेट चढवत होते.