कॅन्टीनमध्ये ग्रीक पाहुणा आणि वैशालीचं गाणं

मंडळी, आज मला वैशालीचा हेवा वाटला. अजूनही वाटतोय.

सुप्याच्या आमच्या कंपनीत मशीन बसवायला ग्रीसहून एक इंजिनिअर आलाय. जेवताना तो आजोबांबद्दल सांगत होता आणि मी भाषांतर करत होते. आजोबा बंदरात हमाली करायचे. त्यांनी पहिलं गाणं रचलं ते उशिरा येणाऱ्या बोटीवर. पुढे त्यांच्या चाली देशभर लग्नांत वाजू लागल्या, रेकॉर्ड निघाल्या, हमाली सुटली.

पॅकिंगमधली अकोले तालुक्यातली वैशाली म्हणाली, "मॅडम, त्यांना सांगा, मी बी आपल्या कंपनीच्या बसवर गानं रचलंय. ती तरी कुठं टायमात येती?"

तिने ते गायलंही. सूर दोनदा घसरला, पण सगळं टेबल ठेका धरत होतं. पाहुण्याने रेकॉर्ड करून घेतलं.

मग त्याने मला विचारलं, "तुम्हीही काही रचता?"

माझ्या मोबाईलमध्ये माझ्या नऊ चाली आहेत. चार वर्षं दुरुस्त करतेय, कुणालाच ऐकवलेल्या नाहीत.

मी म्हणाले, "नाही."

एक चाल, अजून अपुरीच, इथे टाकली तर ऐकाल का?