भागूबाईंची चिमूट

पडेगावच्या त्या घरात तनुजा सून म्हणून आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या हातची आमटी सासूबाईंच्या, म्हणजे भागूबाईंच्या, नावावर गेली.

झालं असं, की तनुजाच्या आईनं तिला एक सवय लावली होती. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय रांधलेलं चाखायचं नाही. भागूबाईंना ते कळलं आणि त्यांनी मनाशी पक्कं केलं, की न चाखता रांधणारी बाई मीठ विसरणारच. तनुजानं पाठ फिरवली की यांची चिमूट पातेल्यात. शेवटी तनुजाच मीठ कमी टाकायला लागली. काय करणार? पाहुणे बोटं चाटत म्हणायचे, "भागूबाईच्या हाताला लई चव हाय!" भागूबाई पदर सावरत हसायच्या. तनुजा ओठ आवळून पोळ्या लाटायची. तनुजाची मुलगी दहावीला गेली तरी हेच चाललं होतं.

मग शेजारच्या सगीराभाभींनी तिला एक नवाच पदार्थ शिकवला. अननसाच्या फोडी, साखर, थोडा मैदा, वर किसलेलं चीज, त्यावर लोण्यात परतलेला खाऱ्या बिस्किटांचा चुरा, आणि हे सगळं ओव्हनमध्ये भाजायचं. "नमक बिलकुल नै डालना हां," भाभींनी बजावलं होतं. "चीज में भी है, बिस्कुट में भी."

"फळाला चीज?" भागूबाईंनी नाक मुरडलं. "ही भाजी हाय का शिरा?"

तनुजा मनात म्हणाली, काही का असेना, माझं आहे.

दौलताबाद रस्त्यावर श्रेया नावाच्या मुलीनं छोटं कॅफे काढलं होतं. भाभींकडून ऐकून ती म्हणाली, "ताई, चव आवडली तर दर शनिवारी तुमच्याकडूनच घेईन. पाटीवर तुमचं नाव लिहीन." तनुजाचं नाव शाळेच्या फळ्यानंतर कुठंच लिहिलं गेलं नव्हतं.

श्रेया यायच्या दिवशी तनुजानं अंघोळ करून ओव्हन पुसला, भांडं भरलं आणि चीज पसरण्याआधी देवापुढं दिवा लावायला गेली. भाजून झाल्यावर थोडं वाटीत काढून, वर तुळशीचं पान ठेवून नैवेद्य दाखवला. तेवढ्यात श्रेया दारात. स्वतः चाखायला वेळच नाही मिळाला.

श्रेयानं पहिला घास घेतला, थांबली, आणि पाण्याचा पेला उचलला.

"ताई... खारट झालंय हो."

"कसं होईल? मी मीठ घातलंच नाही!"

"म्हणून तर मी टाकलं," दारातून भागूबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर केवढं समाधान! "पोरगी चाखत नाय, विसरती. एक नाय, चांगल्या दोन चिमटी टाकल्या."

तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत्याबाई, कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"मला सांगावं लागतं व्हय? घर माझं हाय."

"घर तुमचं. ओटा तुमचा. आमटी तुमची, पिठलं तुमचं, पुरणसुद्धा तुमचं! हे एक भांडं माझं होतं. तेवढंही बघवलं नाही तुम्हाला?"

"आवाज खाली कर. परक्या पोरीसमोर सासूला बोलती!"

"तिच्यासमोरच बोलते. आजवर परक्यांसमोरच माझं श्रेय घेतलंत."

श्रेया उठायला लागली. "मी पुन्हा कधीतरी..."

"बस," तनुजा म्हणाली. "अर्धा अननस उरलाय. खाऊनच जायचं."

तिनं इतक्या जोरात फोडी केल्या की विळीचा पाट हलला. माप मात्र चुकलं नाही. सगळं कालवलं, आणि मग न भाजताच त्यातलं वाटीभर घेऊन ती देवापुढं उभी राहिली. डोळ्यांत रागाचं पाणी होतं. देवा, हे असंच घे, म्हणाली, आज मला भाजण्याआधी चाखायचंय. पाणी फिरवलं, हात जोडले, ओट्याशी परत आली आणि बोटानं चाखलं. भागूबाई बघत होत्या.

"चाखलंस?"

"दाखवून चाखलं."

भांडं आत गेलं. तनुजा ओव्हनसमोर पाट टाकून बसली. मिठाची बरणी मांडीवर. भागूबाई दोनदा आल्या, बरणीकडं बघून परत गेल्या.

श्रेयानं या वेळी पाणी मागितलं नाही. वाटी पुसून खाल्ली. "शनिवारी दोन भांडी पाठवा, ताई. आणि नाव पूर्ण सांगा, पाटीवर लिहायचंय."

"तनुजा शिवराज..." भागूबाई आपल्या मुलाचं नाव जोडत मधेच बोलायला गेल्या.

"नुसतं तनुजा लिही," तनुजा म्हणाली.

श्रेया गेल्यावर तिनं दोन्ही भांडी भागूबाईंपुढं ठेवली. राग अजून उतरला नव्हता.

"हे तुमच्या हातचं. हे माझ्या हातचं. काय खायचं ते खा."

भागूबाईंनी आपलं भांडं पुढं ओढलं. दोन घास हट्टानं गिळले. मग, सुनेकडं न बघता, पाण्याच्या तांब्याकडं हात नेला.

तनुजानं तो उचलून दिला नाही.