गुरुवारचा लाल चौकोन

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत माझ्या थोरल्या साडूंच्या मागे उभा राहिलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही. रांग कसलीही असो, तिचं शेवटचं टोक म्हणजे हे आमचे गुरुजी. त्यांच्यामागे कोणी येऊन उभं राहिलंच, तर ते बाजूला सरकतात, "आधी तुम्ही" म्हणतात आणि पुन्हा शेवटचे होतात. भोंगवलीच्या एका लग्नात ते पहिल्या पंगतीपासून पाण्याचा जग घेऊन फिरले आणि शेवटी आचाऱ्यांबरोबर जेवायला बसले. तिथेही त्यांनी आचाऱ्यांना आधी वाढायला लावलं, त्यामुळे त्यांच्या वाट्याला जिलबीचा नुसता पाक आला. एकदा तापाने फणफणलेले असताना दवाखान्यात त्यांनी इतक्या जणांना पुढे सोडलं, की दवाखाना बंद करून निघालेल्या डॉक्टरांनी त्यांची नाडी मोटारसायकलवर बसल्या बसल्याच पाहिली. अरुंद पुलाची गोष्ट तर सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. पलीकडच्या टोकाला एक दुचाकीवाला थांबलेला दिसला, म्हणून गुरुजी अलीकडे थांबले आणि हात करून त्याला "या, या" म्हणत राहिले. तो येईना, गुरुजी जाईनात, मागे गाड्या साचल्या. अखेर एकजण चालत पलीकडे गेला, तेव्हा कळलं की त्या माणसाची गाडी पंक्चर होती.

गुरुजींची बायको, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, तिला आम्ही अक्का म्हणतो. या स्वभावाबद्दल तिचं मत ठाम आहे. "बोहल्यावर चढताना बी ह्यांनी भटजींना आधी तुमी म्हणलं. म्या हाताला धरून वढलं, न्हाईतर अजून मांडवातच आसते."

गुरुजींची शाळा डोंगरावरच्या धनगरवाड्यात, सातवीपर्यंतची. अशा अनेक लहान शाळांना मिळून संगणकांची खोली एकच, मार्गासनीच्या रस्त्यावरच्या एका हायस्कुलात. पूर्वी तिथल्या वेळा फोनवर ठरत आणि भांडणंही फोनवरच होत. मग हायस्कुलातल्या एका तरुण शिक्षकाने ऑनलाइन वेळापत्रक केलं. मोबाईलवर आठवड्याचे चौकोन दिसत. मोकळा वार हिरवा. घेतलेला वार लाल, आणि आत शाळेचं नाव. शनिवारी दुपारी पुढचा आठवडा खुला होई आणि जो आधी बोट लावील त्याला वार मिळे. ही व्यवस्था करताना त्या शिक्षकाच्या डोळ्यांसमोर गुरुजी नसावेत.

गुरुजींना मोबाईलचं वावडं होतं असं नाही. उलट शनिवारी ते पठारावरच्या रेंजच्या खडकावर बसून इतर शाळांच्या अडचणी सोडवत. "गुरुजी, आमचं लाल होईना बघा," असा फोन आला, की दोन मिनिटांत त्यांचं लाल करून देत. स्वतःच्या शाळेची वेळ आली की बोट अडे. शेवटचा एक चौकोन हिरवा उरला, तरी ते त्याच्याकडे नुसते बघत बसत.

"पाव्हणं, कुणीतरी अजून रेंजमध्ये आलं नसंल," ते मला म्हणाले होते. "येईल बिचारा आशेनं, आणि बघंल तर लाल. कसं वाटंल त्याला?"

तो बिचारा दर शनिवारी येई आणि वार घेऊन जाई.

धनगरवाड्यातली मुलं त्यामुळे पुठ्ठ्यावर संगणक शिकली. गुरुजींनी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला होता, सगळी अक्षरं जागच्या जागी. सातवीतली रूपाली त्यावर न बघता बोटं चालवी. आपलं नाव, गावाचं नाव, शेरडांची नावं ती भराभर टाइप करी आणि यातलं काहीही कुठे उमटत नसे. सातवीनंतर तिने शेरडांमागे जायचं, हे घरात ठरलेलं होतं. परीक्षा तोंडावर आली तशी एका शनिवारी ती अक्काला विचारून गेली, "बाई, आमचा नंबर कवा लागायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का नवऱ्याला एवढंच म्हणाली, "ती पोरगी काय आपल्या लग्नातली पंगत हाय व्हय, मागनं बशीवली तरी चालंल म्हणायला?"

गुरुजींनी पहिल्यांदाच सगळ्या शाळांना फोन केले. मला एक वार हवा आहे, असं त्यांना म्हणता आलं नाही. आमच्या सातवीच्या मुलांनी संगणक पाहिलेला नाही, एवढंच ते सांगत राहिले. पण लोक त्यांना ओळखून होते. "आवं घ्या की गुरुजी, आमचा वार घ्या," असं म्हणत प्रत्येकाने आपापला वार सोडला, आणि संध्याकाळपर्यंत पुढचा अख्खा आठवडा हिरवा झाला. गुरुजी अधिकच अडचणीत आले. एकाचा घेतला तर दुसऱ्याला वाटेल, आपला का नाही घेतला? ते विचार करत राहिले, बाकीच्या शाळा गुरुजी वार घेतील म्हणून थांबून राहिल्या, आणि सोमवारी खोली कुलूपबंद राहिली. मंगळवारीही.

अखेर अक्काने त्यांच्या हातातला मोबाईल घेतला आणि गुरुवारच्या चौकोनावर बोट दाबलं.

"अगं, कुणाचा वार तो?"

"आपला."

गुरुवारी दुधाच्या टेम्पोतून सातवीची मुलं खाली आली. मुलांना सांभाळायला हाताखाली कोणीतरी हवं म्हणून गुरुजींनी मला बोलावलं होतं. खोलीच्या दाराशी त्यांनी आधी टेम्पोवाल्याला आत जायचा आग्रह केला. रूपाली खुर्चीत बसली, कीबोर्डवर बोट ठेवलं आणि दचकून ओरडली, "गुरुजी, ही दबत्यात!" पुठ्ठ्यावरची अक्षरं दबत नसत, हे तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

थोड्या वेळाने वीज गेली. इन्व्हर्टरवर मोजकेच संगणक चालू राहिले, त्यात रूपालीचा होता. शेजारच्या मुलाचा पडदा काळा झालेला बघून ती लगेच उठली आणि त्याला म्हणाली, "बस, आदी तू. मी काय, मागनं बशीन."

"रूपाली, बस खाली."

हा आवाज गुरुजींचा आहे हे समजायला मलाही एक क्षण लागला.

"पर गुरुजी, तुमीच तर..."

"मी शिकवलं ते इसर. ही तुझी जागा हाय. उठायचं न्हाई."

ती बसली. आपलं नाव टाइप केलं, पडद्यावर उमटलेलं वाचलं, आणि पुन्हा टाइप केलं. पडदा भरेपर्यंत करत राहिली. गुरुजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. परतताना पुलावर समोरून एक गाडी आली, तेव्हा त्यांनी टेम्पो थांबवायला लावला आणि हात करून तिला आधी जाऊ दिलं.

मला काही काम नसतानाही मी अधूनमधून ते वेळापत्रक उघडतो. गुरुवारचा चौकोन आता लाल असतो, आत धनगरवाड्याचं नाव असतं. बोट लावल्यावर गुरुजी उरलेल्या शाळांना फोन करून माफी मागतात, असं अक्का सांगते. पण गुरुवारी संगणकावर बसायला जाणाऱ्या मुलांत रूपाली नाही. तिची सातवी झाली, ती पठारावर शेरडं राखते.

पुठ्ठाही आता शाळेत दिसत नाही. शाळेच्या शेवटच्या दिवशी रूपालीने तो मागून घेतला. सात वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलं, ते तेवढंच, असं गुरुजी म्हणतात. आणि मग, ऐकणाऱ्याने पुढे काही विचारायच्या आत, त्याला आधी चहा घ्यायला सांगतात.